हे तुमच्याच मागावरचं का?

दासरीमामांना तुम्ही मोबाइलवर लिंक पाठवलीत, तर ते ती उघडत नाहीत. चष्मा लावतात, पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने ती अक्षर न अक्षर उतरवून घेतात, पायांत चपला सरकवतात आणि तुमच्या दारात येऊन उभे राहतात. बेल वाजवत नाहीत, कडी वाजवतात. दार उघडलं की कागद पुढे करून एकच प्रश्न विचारतात, "हे तुमच्याच मागावरचं का?"

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या हातात लाटणं होतं आणि तव्यावर पोळी. आदल्या दिवशी मी आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची लिंक कॉलनीच्या ग्रुपवर टाकली होती. मला वाटलं, मामा कापडाबद्दल काहीतरी विचारतायत. म्हटलं, "मामा, आमच्याकडे कुठला माग? मी शाळेत भूमिती शिकवते."

"ते म्हाईत हाय की. ही लिंक तुमीच सोडली, का तुमच्या नावानं दुसऱ्या कुणी सोडली, ते सांगा."

"मीच सोडली."

"मग फोन आणा तुमचा. ताडून बघू."

आणि दारातच आम्ही दोघांनी ती लिंक ताडली. ते कागदावरून वाचायचे, "एच. टी. टी. पी. यस. दोन टिंबं. दोन तिरक्या रेघा." मी मोबाइलमध्ये बघून हो म्हणायचं. साडेतीन ओळींची लिंक होती. मधे एका ठिकाणी त्यांनी एल लिहिला होता तो आय निघाला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात 'पास' असं लिहिलं, खाली सही ठोकली, तारीख घातली आणि गेले. प्रदर्शनाला काही ते आले नाहीत. लिंकसुद्धा त्यांनी कधी उघडली नाही. माल खरा आहे एवढं कळलं की त्यांचं काम संपतं. पोळीचं काय झालं ते सांगत नाही.

व्यंकटेश दासरी हे अक्कलकोट रोडवरच्या एका चादर कारखान्यात एकतीस वर्षं चेकर होते. मागावरून उतरलेली चादर टेबलावर पसरायची, डोळ्यांखालून घालायची, कुठे धागा तुटलाय, कुठे गाठ आलीय, कुठे नक्षी सरकलीय, तिथे खडूने खूण करायची. दुसरे चेकर खोट सापडली की टेबलावरूनच विणकराच्या नावाने शंख करायचे. मामांची पद्धत वेगळी. ते चादर खांद्यावर टाकायचे, मागांच्या खडखडाटातून चालत थेट त्या विणकरापाशी जायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "ही तुमच्याच मागावरची का?" विणकराने खोट स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, हो म्हणायचं. विषय संपला.

"तोंडावर न्हेऊन दाखवलं की माणूस दुसऱ्यांदा करत न्हाय, मॅडम," ते मला म्हणाले होते. "मागनं बोंब मारली की मुद्दाम करतोय."

नोकरी संपली, टेबल सुटलं, पण चेकर काही अंगातून गेला नाही. मुलाने मोबाइल घेऊन दिला आणि कॉलनीच्या ग्रुपमध्ये त्यांचं नाव घातलं. आमच्या ग्रुपचं नाव 'स्नेहबंध परिवार'. त्यात स्नेह सकाळी साडेसातपर्यंत असतो, गुलाबाची फुलं येतात तोवर. त्यानंतर परिवार एकमेकांच्या उरावर बसतो. एकतीस वर्षं ज्या माणसाने खोट शोधली, त्याच्यापुढे हा माल येऊन पडला. मामांना निवृत्तीचा कंटाळा म्हणून कधी आला नाही.

त्यांच्या चिकाटीची कॉलनीला खरी ओळख झाली ती इंगळ्यांच्या लिंकमुळे. इंगळे माझ्या समोरच्याच घरात राहतात. त्यांचं पाण्याच्या पंपांचं दुकान आहे आणि घसा त्या पंपांच्या तोडीचा आहे. एकदा त्यांनी ग्रुपवर मोफत रिचार्जची लिंक टाकली. दहा मिनिटांत मामा त्यांच्या दारात.

"हे तुमच्याच मागावरचं का?"

"नाही हो. मेव्हण्याने पाठवलं, मी पुढे ढकललं."

"म्हंजे बाहेरचा माल. मेव्हणे राहत्यात कुटं?"

इंगळ्यांनी थट्टेत पत्ता दिला. मामा रिक्षा करून नवी पेठेत मेव्हण्याच्या कापडदुकानात गेले. मेव्हणा म्हणाला, मला शिंप्याने पाठवलं. मामा शिंप्याकडे. शिंपी म्हणाला, माझ्या शेजाऱ्याने. शेजारी एका व्यायामशाळेत तालीम द्यायचा. मामा तिथेही पोचले, लोखंडी वजनांच्या मधोमध उभे राहून त्यांनी कागद पुढे केला. त्या पोराने मोबाइल काढून दाखवलं, त्याला ती लिंक कुणाकडून आली ते. वर नाव होतं, 'इंगळे पंपवाले'.

संध्याकाळी मामा पुन्हा इंगळ्यांच्या दारात. तीन ठिकाणचा तीन कप चहा पोटात. "इंगळेसाहेब, तुमचाच माल फिरून तुमच्याकडं आलाय की. आता सांगा, कुणाच्या मागावरचा?" इंगळ्यांना त्या दिवशी घसा असून उपयोग झाला नाही. तेव्हापासून आमच्या कॉलनीत फसव्या लिंका येणं जवळजवळ बंद झालं. चोराची भीती वाटून नव्हे, मामा घरी येतील म्हणून.

पण लिंका हे सोपं काम होतं. मामांची कसोटी लागली ती निवडणुकीत.

निवडणूक आली की आमच्या ग्रुपमध्ये माणसं ओळखू येत नाहीत. दूध आणायला गेल्यावर एकमेकांची पिशवी धरणारे लोक दुपारी एकमेकांना देशद्रोही म्हणतात. मी सांगते आहे म्हणून मी त्यातली नाही असं समजू नका. मी त्यात पुढे असते. मुलांना प्रमेय शिकवून शिकवून मला 'सिद्ध करा' म्हणायची खोड लागली आहे, आणि इंगळ्यांना काहीच सिद्ध करायची सवय नाही. त्यामुळे आमचं रोज जुंपायचं. एका दुपारी मी चौदा ओळींचा मजकूर लिहून इंगळ्यांना अगदी झोपवलं, असं मला वाटलं. सात जणांनी अंगठे दाखवले. मी खुशीत होते.

संध्याकाळी कडी वाजली. मामा आत आले, खुर्चीवर बसले, चष्मा लावला. माझ्या सासूबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. सासूबाई मूळच्या सांगोल्याकडच्या, मोबाइलला हात लावत नाहीत, पण कान तिखट. मामांनी कागद उघडला आणि वाचायला लागले. कारखान्यात ज्या सुरात ते चादरींचे नंबर वाचत असतील, त्या सुरात.

"'इंगळे, तुमच्या मेंदूचा पंप जळालेला आहे. तो आधी दुरुस्त करा. विचार करायची पद्धत तुमच्या घराण्यातच नाही. तुमच्या वडिलांनाही नव्हती. सिद्ध करा, नाहीतर गप्प बसा. उद्गारचिन्ह. उद्गारचिन्ह. उद्गारचिन्ह. लाल तोंडाचं चित्र. लाल तोंडाचं चित्र.'"

सासूबाईंचा हात थांबला. "कोण गं ही बया?"

मी म्हटलं, "आहे एक."

"लई तोंडाळ हाय की. हिच्या सासूची कीव येती बग मला."

मामा कागदाकडे बघत राहिले. माझ्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. सासूबाई मेथीच्या काड्या टाकायला मागे गेल्या तेव्हा ते हळूच म्हणाले, "हे तुमच्याच मागावरचं का, मॅडम?"

मी हो म्हटलं. बत्तीस वर्षांची असताना पोरांसमोर मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली होती, तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती.

"मत तुमचं," ते म्हणाले. "मताला मी हात लावत न्हाय. कापड हिरवं इणायचं का भगवं का निळं, ते इणणाऱ्यानं ठरवायचं. पण हितं बघा. वडलांचं काय काम हाय हितं?" त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "ही गाठ हाय. पुढं हितनंच फाटतंय."

त्यानंतर ते उठून समोर इंगळ्यांकडे गेले. इंगळ्यांनी मला लिहिलेलं त्यांच्या आईला वाचून दाखवायला. न्यायाला माणूस पक्का. पंधरा मिनिटांनी इंगळे आमच्या दारात आले आणि माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाले, "मावशी, पाण्याचा पंप बघायचा होता ना तुमचा?" पंप चांगला चालत होता. तरी त्यांनी तो उघडला आणि पुन्हा लावला. मी चहा केला.

महिनाभरात ग्रुपचा सूरच बदलला. माणसं भांडत होती, पण लिहिताना डोळ्यांपुढे दासरीमामा यायचे आणि मामांच्या मागे आपली आई, नाहीतर बायको, मेथी निवडत. एकदा इंगळ्यांनी 'तुम्ही सगळे' असं लिहून पुढे नुसतीच टिंबं टाकली. मामांनी ती टिंबंही वाचून दाखवली असती, हे त्यांना ठाऊक होतं.

एवढं सगळं करणारा माणूस स्वतः मात्र ग्रुपवर एक अक्षर लिहीत नाही. मी एकदा विचारलं, "मामा, तुम्हाला मत नाही का कशावर?" मी तेव्हा त्यांच्या घरी बसले होते. ललिताम्मा, म्हणजे त्यांची बायको, पोह्यांची बशी ठेवत होत्या. त्या आत जाईपर्यंत मामा थांबले.

"लिवलं हुतं एकदा," ते म्हणाले. "एकच."

चादर तपासायच्या टेबलाला दोन बाजू असतात. मामांच्या समोरच्या बाजूला अठ्ठावीस वर्षं एकच माणूस उभा होता, वळसंगचा शिवलिंग बिराजदार. मामा तेलुगू, बिराजदार कानडी, दोघांचं बोलणं मराठीत. डबा एकत्र, चहा एकत्र. शेवटच्या तीन वर्षांत बिराजदारांना नजरेचा त्रास सुरू झाला. बारीक खोट दिसेना. कारखान्यात कळलं असतं तर घरी बसावं लागलं असतं. मामांनी कुणाला कळू दिलं नाही. स्वतःची बाजू तपासून ते समोरची बाजूही डोळ्यांखालून घालायचे. बिराजदार अब्रूने निवृत्त झाले, हार घालून घेतला, फोटो निघाला.

मग निवृत्त चेकरांचा ग्रुप झाला. चाळीस माणसं. चार वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत त्यात मामांची आणि बिराजदारांची जुंपली. दोघं दोन टोकांना. बिराजदार काहीतरी टोचून बोलले आणि मामांनी रागाच्या भरात लिहिलं, 'ज्याला शेवटची तीन वर्षं चादरीतला तुटका धागा दिसत नव्हता आणि दुसऱ्याने त्याची बाजू तपासून दिली, त्याला देशातलं काय दिसणार?'

"पाच मिनिटात पुसलं मी," मामा म्हणाले. "पण चाळीस जणांनी बघितलं हुतं की. बिराजदार ग्रुप सोडून गेला. तीनदा फोन केला, उचलला न्हाय. ब्लॉक केलं असंल. मग मीबी न्हाय केला. कुठल्या तोंडानं करू?"

बशीतले पोहे तसेच राहिले. मला त्या दिवशी कळलं, की हा माणूस आम्हा सगळ्यांच्या घरी जाऊन काय वाचत फिरतो.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी पुन्हा कडी वाजली. मामा दारात, हातात कागद. पण नेहमीचा प्रश्न विचारेनात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी ताजी केलेली, काखेत पिशवी. कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "बिराजदारकडनं आलंय."

चार वर्षांनी बिराजदारांच्या नंबरवरून मामांच्या मोबाइलवर मजकूर आला होता. 'आमच्या घरी लग्न आहे. आपण अगत्याने यावे. पत्रिका पाहण्यासाठी खाली दाबा.' आणि खाली लिंक.

असली खोटी लग्नपत्रिका तेव्हा गावभर फिरत होती. दाबली की मोबाइल चोराच्या ताब्यात. मी स्वतःच ग्रुपवर सावध केलं होतं सगळ्यांना. म्हटलं, "मामा, हात लावू नका. हे चोरांचं काम आहे."

"ते मलाबी कळतंय, मॅडम. एकतीस वर्सं हेच केलं. कागदावर उतरवताना हात सांगत हुता, माल खोटा हाय म्हणून." त्यांनी काखेतली पिशवी सावरली. "पण त्येची धाकटी पोरगी लग्नाची हाय हो. मी म्हंतो, हजारात एखांदं खरंबी असतंय की."

"मग काय करायचं?"

"इचारून यायचं. पण एकट्याला पाऊल उचलंना. तुमी याल का?"

मी पिशवीकडे बघितलं. त्यात नवी साडी होती आणि टॉवेल-टोपी. खरं निघालं तर मोकळ्या हातांनी कसं उभं राहायचं, म्हणून आहेर. सासूबाईंना सांगून मी स्कूटर काढली.

वळसंगपर्यंत मामा मागून एकदाच म्हणाले, "सावकाश चालवा, घाई न्हाय." मी आधीच बैलगाडीच्या चालीने चालवत होते.

गावात वळलो. बिराजदारांच्या दारापुढे ना मांडव, ना तोरण. मामांनी ते बघितलं. ओट्यावर एक उंच, पिकल्या मिशांचा माणूस मांडीवर सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. त्याने मान वर केली आणि हात थांबवला. आतून बिराजदारकाकू आल्या, कानडीत काहीतरी बोलल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

मामांनी चार वर्षांत काय काय ठरवून ठेवलं असेल, ते सगळं कुठे गेलं कोण जाणे. त्यांनी कागद उघडला, चष्मा लावला आणि घसा खाकरून म्हणाले, "हे तुज्याच मागावरचं का?"

आणि वाचायला लागले. 'आमच्या घरी लग्न आहे' पासून सुरुवात करून, मग एच, टी, टी, पी, यस, दोन टिंबं, दोन तिरक्या रेघा. सबंध लिंक. बिराजदार शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकत राहिले.

"न्हाय," ते म्हणाले. "माजं न्हाय ते."

काकू म्हणाल्या, "कुणाची तरी पत्रिका म्हणून ह्येनी दाबलं, अन् ह्येंच्या नावानं सगळ्यास्नी गेलं बगा. काल दोन पावणं आहेर घिऊन आलं हुतं. पोरीचं अजून ठरलंबी न्हाय."

मामांनी कागदाची घडी केली. नीट, चार कोपरे जुळवून. "बरं," ते म्हणाले. "म्हंजे खोटंच हुतं. इचारायला आलतो. जातो."

ते वळले, दोन पावलं चालले आणि थांबले. चेकरच तो. खोट्या मालातही काहीतरी त्यांच्या नजरेला दिसलं होतं.

"बिराजदार," ते म्हणाले. "ज्येला तू ब्लॉक केलायस, त्येला तर हे जात नसंल ना?"

बिराजदार पुन्हा शेंगा फोडायला लागले. "न्हाय जात."

"मग मला कसं आलं?"

"ते ब्लॉक का काय म्हंत्यात, ते मला करायला येत न्हाय." सुपातून नजर न उचलता त्यांनी पायाने स्टूल पुढे ढकललं. "बा, कुंद्रु."

अठ्ठावीस वर्षांत मामांना तेवढी कानडी आली होती. ते बसले. पण बसल्याबरोबर म्हणाले, "चुकलं माजं. चाळीस माणसांत ते बोलायचं नव्हतं."

"खरं हुतं ते."

"खरं हुतं म्हणूनच बोलायचं नव्हतं."

बिराजदारांनी मूठभर दाणे त्यांच्या हातावर ठेवले. दाणे नुसते धरून मामा बसून राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. माझेही काही कोरडे नव्हते. काकू चहाला आत गेल्या.

चहा येईपर्यंत दोघं पुन्हा निवडणुकीवर आले होते. आवाज चढले होते, हातवारे चालले होते. एकाचं म्हणणं दुसऱ्याला तसूभर पटत नव्हतं. फक्त मधेच एक जण थांबायचा, दुसऱ्याच्या हातावर दाणे ठेवायचा, आणि मग दोघं पुन्हा सुरू.

बिराजदारांनी तेवढ्यात आपला मोबाइल माझ्याकडे दिला. "बाई, तुमी शिकलेल्या. चोरांनी आत काय ठेवून दिलं हाय का, जरा बगा की."

मी ती खोटी पत्रिका शोधून काढून टाकली. मग आणखी कुठे काही राहिलंय का म्हणून सगळीकडे बघत गेले. बघता बघता ब्लॉक केलेल्यांची यादी उघडली. सोळा नावं होती. एक-दोन चुकून होतात, सोळा होत नाहीत. गावचे दोन पुढारी होते, निवृत्त चेकरांपैकी पाच जण होते, एक कीर्तनकार होते. सख्ख्या मेव्हण्याला तर दोन नंबरांवर ब्लॉक केलं होतं. मी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. दासरी हे नाव त्यात कुठेच नव्हतं.

"काय हाय का घाण आत?" बिराजदारांनी विचारलं. विचारताना त्यांची नजर माझ्यावर जरा जास्तच वेळ राहिली.

"नाही काका," मी म्हटलं आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. "सगळं साफ आहे."